पहिली तख्ती घरातलीच

जून महिन्यात पहिलीचे प्रवेश सुरू झाले की पालक एकच प्रश्न विचारतात, "सर, घरी काय करून घ्यायचं?" वडील वहीचे, पुस्तकाचे नाव विचारतात, शिकवणीची फी विचारतात. आई बहुतेक वेळा मागे उभी असते आणि हळूच म्हणते, "हम तो ज्यादा पढे नहीं, सर." उर्दू आणि मराठी शिकवण्याच्या माझ्या नोकरीत हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की त्याला एकदा सविस्तर उत्तर द्यावे असे वाटले. आपल्या समाजात मुलांचे शिक्षण मागे पडण्याची कारणे मोजताना आपण गरिबी, शाळांची अवस्था, सरकारची उदासीनता हे सगळे मोजतो. ते खोटे नाही. पण घर ही शिकवण्याची जागा आहे हा विश्वासच आपल्या आयांनी गमावला, हे कारण आपण मोजत नाही. इतिहास मात्र सांगतो की ही जागा आपल्याकडे जुनी आहे.

भारतीय उपखंडातल्या मुस्लिम घरांत मूल चार वर्षे, चार महिने आणि चार दिवसांचे झाले की 'बिस्मिल्लाह' करण्याची रीत होती. काही घरांत ती आजही आहे. नवे कपडे, शिरणी, हातात तख्ती आणि घरातल्या बुजुर्गाने म्हणून घेतलेले पहिले शब्द. या वयाचा हुकूम कुरआन-हदीसमध्ये नाही, ही इथली रीत आहे. पण तिच्यात एक शहाणपण होते. शिकण्याची सुरुवात घरात, आपल्या माणसांत आणि आनंदात व्हावी, ते शहाणपण हे.

याच रिवाजाची एक गंमतशीर नोंद अबुल फजलने 'अकबरनामा'त केली आहे. १५४७ साली काबूलमध्ये हुमायूनने शाहजादा अकबराच्या शिक्षणारंभासाठी शुभ घटिका काढून घेतली. अकबर तेव्हा पाचेक वर्षांचा. घटिका आली, सगळे जमले, आणि शाहजादा सापडेना! तो खेळायला निघून गेला होता. पहिलीच्या वर्गावर शिकवणाऱ्या कोणालाही याचे आश्चर्य वाटणार नाही.

अकबराला पुढेही लिहिता-वाचता येत नव्हते असे इतिहासकार सर्वसाधारणपणे मानतात. तरीही 'आईन-ए-अकबरी'त त्याच्या नावावर मुलांच्या शिक्षणाचा जो नियम नोंदला आहे, तो आजच्या कोणत्याही प्रशिक्षणात वाचून दाखवावा असा आहे. हिंदुस्थानात मुलांची वर्षानुवर्षे नुसत्या अक्षरांत जातात, ही त्यातली तक्रार. उपाय असा की मुलाने आधी अक्षरांचे आकार आणि नावे दोन दिवसांत शिकावीत, मग जोडाक्षरांचा सराव आठवडाभर करावा आणि लगेच अर्थ असलेल्या ओळींकडे जावे. मुलाने स्वतः समजून घ्यावे, उस्तादाने थोडीच मदत करावी. मागचा धडा रोज उजळावा. स्वतःला वाचता येणे आणि मूल कसे शिकते हे कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा याहून मोठा दाखला मला माहीत नाही.

हे बादशहाचे झाले. साध्या घरांत काय होते? आपल्या दख्खनमध्ये सूफी परंपरेतून दखनी भाषेत 'चक्कीनामे', 'चरखानामे' आणि 'लोरीनामे' तयार झाले. बायका जात्यावर दळताना, चरख्यावर सूत काढताना, बाळाला झोपवताना ती गाणी म्हणत. रिचर्ड ईटन या अभ्यासकाने विजापूरच्या सूफींवर काम करताना दाखवून दिले की दख्खनच्या खेड्यापाड्यांत दीनच्या मूळ गोष्टी पसरल्या त्यात या गाण्यांचा मोठा वाटा होता. जात्याचा दांडा, खुंटा, पीठ यांच्या रूपकातून अल्लाह आणि रसूल यांच्या गोष्टी घरात पोहोचत. शेजारच्या घरात त्याच जात्यावर मराठी ओवी चालू असे. मांडीवर बसलेले मूल दोन्ही ऐके. या बायकांपैकी किती जणींना अक्षरओळख होती? फार थोड्या असतील. तरीही त्या शिकवत होत्याच.

नवी भाषा शिकवण्याची रीतही आपल्याकडे होती. 'खालिकबारी' हे छोटेसे पद्यमय पुस्तक पिढ्यानपिढ्या मकतबांत पाठ केले गेले. त्यात अरबी-फारसी शब्द आणि त्यांचे हिंदवी अर्थ लयीत बांधलेले आहेत. परंपरेने ते अमीर खुसरोंचे मानले जाते. हाफिज महमूद शेरानी यांनी मात्र ते बऱ्याच नंतरच्या दुसऱ्या एका खुसरोचे असल्याचे मांडले. लेखक कोणीही असो, पद्धत लक्षात घ्या. परका शब्द घरच्या शब्दाच्या हाताला धरून आत येतो. आज आपले मूल घरी दखनी किंवा कोकणी बोलते, शाळेत उर्दू वाचते, बाजारात मराठी ऐकते आणि आपण त्याच्यावर तिसरीच भाषा लादतो, तेव्हा हा हात आपण सोडून देतो.

एकोणिसाव्या शतकात डेप्युटी नजीर अहमद यांना आपल्या मुलींना वाचायला देण्याजोगे उर्दू पुस्तक सापडेना. ते शाळांच्या तपासणीच्या कामात राहिलेले गृहस्थ. त्यांनी स्वतःच घरी थोडी थोडी पाने लिहून द्यायला सुरुवात केली. मुली पुढचे पान मागत, ते लिहीत जात. त्यातून १८६९ मध्ये 'मिरात-उल-उरूस' छापले गेले. उर्दूतली पहिली कादंबरी म्हणून आपण ते परीक्षेसाठी पाठ करतो, पण मुळात तो एका बापाने घरच्या मुलींसाठी केलेला गृहपाठ होता. त्या कादंबरीतली असगरीही घरातच मुलींचा मकतब चालवते. पुढे मौलाना अशरफ अली थानवी यांचे 'बहिश्ती जेवर' आले. त्यातल्या काही मतांवर आज वाद होऊ शकतो, पण त्या ग्रंथाचा पहिला भाग उर्दू मुळाक्षरांपासून सुरू होतो, हे विसरता येत नाही. लिहिणाऱ्याने गृहीत धरले होते की हे पुस्तक घरात उघडले जाईल आणि बाई त्यावरून अक्षरे शिकेल.

महाराष्ट्रात हाच धागा ताराबाई मोडक यांनी वेगळ्या जागेवरून उचलला. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करून त्या आल्या आणि १९४५ मध्ये बोर्डीला त्यांनी बालवाडी सुरू केली. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. गरीब वस्तीतली मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसले, तेव्हा त्यांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. मॉन्टेसरीची महागडी साधने परवडत नव्हती, म्हणून शिंपले, खडे, बिया, पाने, फुले वापरली. १९५७ पासून कोसबाडला आदिवासी मुलांत हे काम वाढले. आज राज्यात २०२२ पासून शाळापूर्व तयारीचे मेळावे होतात, मातांचे गट केले जातात, घरच्या वस्तूंतून शिकवा असे सांगितले जाते. आपल्या मोहल्ल्यांतल्या आयांनी या गटांत पुढे बसायला हवे. त्यात काही परके नाही.

आता त्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. घरी काय करून घ्यायचे?

चिंचोके घ्या. पाटीवर किंवा फरशीवर खडूने 'बे'चा होडीसारखा आकार काढा. खाली एक चिंचोका ठेवला की बे, खाली तीन ठेवले की पे, वर दोन ठेवले की ते, वर तीन ठेवले की से. मूल स्वतः नुक्ते हलवते आणि अक्षर बदलते. वहीत दहा पाने गिरवून जे होत नाही ते यात होते. मूल लहान आहे, चिंचोके तोंडात घालणार नाही एवढे लक्ष ठेवा.

उर्दू उजवीकडून, मराठी डावीकडून. सुरुवातीला मूल उलटे लिहील, त्याला कमजोर म्हणू नका. ओळ जिथून सुरू होते तिथे एक रंगीत ठिपका द्या, तेवढे पुरते.

उर्दूत 'ळ' नाही. आपली मुले 'शाळा'ला 'शाला' म्हणतात आणि वर्गात हसू होते. मग शरमेने ती मराठीत बोलतच नाहीत. घरातच फळ, नळ, माळ, बाळ असे शब्द म्हणण्याचा खेळ करा. अंक मोजताना उर्दू 'चालीस' आणि मराठी 'चाळीस' शेजारी ठेवा, 'बीस' आणि 'वीस' शेजारी ठेवा. खालिकबारीची रीत ती हीच.

दस्तरख्वान घालताना माणसे किती, ताटे किती, आणखी किती हवीत हे मुलाला विचारा. मटार सोलणे, कणकेच्या गोळ्या करणे, वाळत घातलेल्या कपड्यांना चिमटे लावणे यातून बोटांत बळ येते. पेन्सिल धरायला लागते ते बळ हेच. रात्री दादी-नानीची गोष्ट अर्ध्यावर थांबवा आणि "आगे क्या हुआ होगा?" असे विचारा. दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट मुलाकडून ऐका. ज्या मुलाला गोष्ट सांगता येते, ते पुढे धडा समजून वाचते, हे मी वर्गात दरवर्षी पाहतो.

यातल्या एकाही कामाला आईचे शिक्षण किती हे विचारावे लागत नाही. रोजचा अर्धा तास लागतो, आणि त्या अर्ध्या तासात मोबाइल बाजूला लागतो. वडिलांनाही यातून सूट नाही. नजीर अहमद नोकरी सांभाळूनच मुलींसाठी पाने लिहीत होते. शिकवणीची फी जमवण्याआधी एक पाटी, खडूचा डबा आणि मूठभर चिंचोके घरात आणा, आणि मुलाच्या शेजारी फरशीवर बसा.