वरची आच : हडपसरच्या घरातली नानकटाई

चुलीची आच खालून लागते. मराठी स्वयंपाकातली बहुतेक कामे, म्हणजे शिजवणे, तळणे, परतणे, तव्यावर शेकणे, याच एका गोष्टीभोवती बेतलेली आहेत. पिठाचा गोळा भाजून फुलायचा तर त्याला चहूबाजूंनी, आणि मुख्यतः वरून, कोरडी आच लागते. ती सोय घरच्या चुलीत नव्हती. पुण्याच्या पूर्वेला सोलापूर रस्त्यावर वसलेल्या हडपसरच्या घरांत बिस्किटे, नानकटाई आणि केक कसे शिरले याचा इतिहास म्हणूनच बराचसा ही वरची आच कुठून मिळवली याचा इतिहास आहे.

मराठी बायकांना ही अडचण ठाऊक नव्हती असे नाही. भाकरी तव्यावर दोन्ही बाजूंनी झाली की तवा उतरवून ती चुलीच्या तोंडाशी, आरावर उभी धरतात. समोरून धग लागते, पापुद्रा सुटतो, भाकरी टम्म फुगते. ओव्हनचे काम इथे चुलीपुढचे वीतभर निखारे करतात. विदर्भ-मराठवाड्याकडे रोडगे गोवऱ्यांच्या विस्तवात पुरून भाजतात. मुंबईकडच्या पाठारे प्रभू आणि सीकेपी घरांत भानोल्याच्या पातेल्यावर ताट झाकून त्या ताटात निखारे पसरत. गोव्यात बेबिंकचा एकेक थर असाच वरच्या निखाऱ्यांनी लाल होई. पुण्याच्या आसपास थंडीत हुरडा भाजायला आगटी पेटते ती शेतात, घरात नव्हे. गोड पिठाचा नाजूक जिन्नस खालीवर विस्तव ठेवून भाजण्याची रीत किनारपट्टीवर जशी मुरली तशी देशावर मुरली नाही.

हडपसरच्या बाबतीत त्याला शेतीचेही कारण आहे. 1870 च्या दशकात खडकवासल्याचे धरण झाले, त्याचा मुठा उजवा कालवा हडपसरच्या शिवारातून गेला, आणि कोरडवाहू पट्ट्यात ऊस व भाजीपाला आला. ऊस म्हटला की गुऱ्हाळ, काकवी, गूळ. सणाचे गोड गुळाचे, रोजचे अन्न ज्वारी-बाजरीचे, गहू सणासुदीचा. मैदा हा या घरातला जिन्नसच नव्हता. तो ज्या वाटेने आला ती वाट लांब नव्हती. हडपसरहून पुण्याकडे जाताना आधी लष्कर लागते, शहर नंतर.

1818 मध्ये पेशवाई बुडाली आणि पुण्यात इंग्रजांची छावणी बसली, तेच हे लष्कर. पलटणीला रोज पाव लागे, म्हणून भट्ट्या आल्या. ‘पाव’ हा शब्द मात्र इंग्रजांच्या आधीचा, पोर्तुगिजांकडून आलेला. ‘बिस्कुट’ही त्याच घरचे. लष्करातल्या बेकऱ्या पुढे पारशी, इराणी, गोवेकर आणि मुसलमान कारागिरांनी चालवल्या. ईस्ट स्ट्रीटवरची कयानी बेकरी आणि तिची श्रूजबेरी बिस्किटे पुण्याबाहेरही माहीत आहेत, पण तीही 1955 ची, म्हणजे या परंपरेतली तशी धाकटीच.

शहरातल्या सोवळ्या घरांना हे खाणे पचायला वेळ लागला. ऑक्टोबर 1890 मध्ये पंचहौद मिशनमध्ये काही पुढारी मंडळी जमली होती. तिथे चहा-बिस्किटे पुढे आली. लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे त्या मंडळींत होते. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वर्तमानपत्रातून फोडली, ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचा वाद, उठले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्ताचा घोळ पुढे दोन वर्षे चालला. बिस्किटावरून शहर इतके पेटावे, हे आज टोस्ट बुडवून चहा पिणाऱ्याला खरे वाटणार नाही. पण प्रश्न चवीचा नव्हता. ते कोणी मळले, कोणत्या चरबीत, कोणाच्या हाताने, हा होता.

या प्रश्नाला घरांनी पुढे जे उत्तर शोधले ते मोठे हुशारीचे आहे. मळायचे घरी, भाजायचे भट्टीवर. त्यासाठी नानकटाईइतका सोयीचा जिन्नस दुसरा नव्हता. तिला अंडे लागत नाही, ताडी किंवा यीस्ट लागत नाही, पीठ आंबवून वाट पाहावी लागत नाही. मैदा, साखर, तूप, वेलदोडा आणि चिमूटभर खायचा सोडा एवढ्यावर भागते. तिचे माहेर सुरत सांगतात. डचांची भट्टी त्यांच्यामागे चालवणाऱ्या दोतीवाला या पारशी घराण्याशी तिचा जन्म जोडला जातो. नावातला ‘नान’ फारसी आहे, ‘खटाई’विषयी एकमत नाही. मराठीत तिने ‘ख’ सोडून ‘क’ घेतला आणि ती दिवाळीच्या फराळात चकलीशेजारी जाऊन बसली.

नानकटाईची खरी मेहनत फेसण्यात आहे. परातीत थिजलेले तूप आणि पिठीसाखर घेऊन तळहाताने एकाच दिशेने फेसत राहायचे. तूप आधी पिवळसर असते, मग पांढरे होते, मग हलके. झाले की नाही हे बघायला वाटीभर पाण्यात त्याचा थेंब टाकतात. तरंगला तर झाले, बुडाला तर अजून फेसा. मग त्यात बसेल तेवढा मैदा, थोडा रवा, क्वचित बेसन. गोळे मळकट दिसू नयेत म्हणून हात पुन्हा पुन्हा पुसायचे, गोळ्यावर बोटाने किंचित दाब द्यायचा, सुरीने फुली मारायची, मध्ये चारोळी टोचायची. इथवर सगळे घरचे. यापुढे ताट फडक्याखाली झाकून भट्टीकडे निघते. कित्येक घरे एवढेही करत नसत. ती मैदा, साखर आणि तूप बेकरीत नेऊन देत आणि मळण्यापासूनचे काम तिथल्या कारागिरावर सोपवीत. मात्र डोळ्यांदेखत. आपल्याच तुपाची बिस्किटे आपल्याला मिळतात ना, हे बघायला घरातले कोणी तरी बाकड्यावर बसून राही.

लाकडावरची भट्टी म्हणजे विटांचा बसका घुमट. तिच्या पोटातच लाकडे जाळायची, विटा तापल्या की राख ओढून काढायची आणि मग साठलेल्या धगीवर भाजायचे. आच इथे जाळाची नसते, घुमटाच्या विटांची असते, आणि ती वरून खाली येते. चुलीला जे जमत नव्हते ते हेच. ही धग तासातासाने उतरत जाते, म्हणून कामाचा क्रमही ठरलेला. सर्वांत कडक आचेला पाव, तो निघाला की खारी आणि बिस्किटे, शेवटी उरलेल्या उबेवर टोस्ट वाळवायचे. घरोघरची ताटे या मधल्या वेळेत आत जात. लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने कारागीर ट्रे आत सरकवी आणि रंग बघून जागा बदली. तोंडाशी धग कमी, कोपऱ्यात जास्त. कोणाचा ट्रे कुठे लागला यावर नानकटाई बदामी निघते की करपट, हे ठरे. पत्र्यावर खडूने नाव लिहून ठेवले तरी अदलाबदल होई आणि भांडणे होत. किलोमागे मजुरी ठरलेली असे. जळलेल्या ट्रेचा हिशेब कसा करायचा, हे मात्र ठरलेले नसे.

ही रीत पुणे शहरात आणि भोवतालच्या गावांत सारखीच दिसते. हडपसरला तिने जोर धरला तो कारखान्यांमुळे. किर्लोस्कर न्यूमॅटिक 1958 मधली, सीरम इन्स्टिट्यूट 1966 मधली. याच सुमारास औद्योगिक वसाहत वाढली आणि शेजारच्या मुंढव्यात भारत फोर्जची धडधड सुरू झाली. सातववाडी, गोंधळेनगर, माळवाडी या भागांत पगारावर जगणारी घरे वाढली. शेतकरी घरात पैसा पिकाबरोबर येतो, कामगाराच्या घरात तो दिवाळीच्या बोनसबरोबर येई, आणि मैदा-साखर घेण्याचा मोसमही तोच. टंचाईच्या वर्षांत दिवाळीला रेशनवर मिळणारी जादा साखर, रवा, मैदा आणि पामतेल यांच्याभोवती फराळाचा बेत ठरे. ही सरकारी सवय पुढेही बरीच वर्षे टिकली. 2022 च्या दिवाळीत राज्याने ‘आनंदाचा शिधा’ म्हणून शंभर रुपयांत दिलेल्या चार जिनसांत रवा, साखर आणि पामतेल होतेच, चौथी हरभराडाळ.

तुपाच्या जागी वनस्पती तूप आल्याने काम आणखी सोपे झाले. डालडा बाजारात आले 1937 मध्ये. ते घट्ट राहते, पांढरे फेसते आणि साजूक तुपाच्या मानाने स्वस्त पडते. चवीला ते तुपाची सर देत नाही, जिभेवर मेणासारखे चिकटते, हे खरे. पण मोठ्या कुटुंबाची डबाभर नानकटाई साजूक तुपात करणे थोड्यांनाच परवडे. डालड्याबरोबर पिवळा, माडाचे चित्र असलेला डबाही घरात आला, आणि घरगुती कलाकुसरीतला तो सर्वांत टिकाऊ कच्चा माल ठरला. कडी लावली की बादली, बुडाला भोके पाडली की तुळशीची कुंडी, झाकणासकट ठेवला तर डाळीचा डबा. बिस्किटांसाठी मात्र तेलाचा पंधरा किलोचा चौकोनी डबा लागे. वरचा पत्रा अर्धवट कापून, कडा आत ठोकून, तळाशी वर्तमानपत्र घालून तो भट्टीवर नेत.

भट्टीला पर्याय घरात हळूहळू उभा राहिला. ॲल्युमिनियमचे जाड पातेले, त्यात बोटभर वाळू, वाळूवर केकचे भांडे, वर झाकण आणि झाकणावर निखारे. शेगडी गेली आणि गॅस आला तसे निखारेही गेले, नुसत्या तापल्या वाळूवर भागू लागले. 1960 च्या दशकानंतर घरोघर गेलेला प्रेशर कुकर रबरी रिंग आणि शिटी काढून, पाणी न घालता, याच कामाला लावला गेला. त्यात केक शिजतो, फुगतो, पण वरून पांढराच राहतो. वरची आच तिथेही नाही. ती मिळाली झाकणाला काचेची खिडकी असलेल्या विजेच्या गोल ओव्हनमध्ये. हा ओव्हन एका घराचा असला तरी आळीत फिरे.

कृती छापील मिळू लागल्या होत्या. मराठीतले पहिले पाकपुस्तक मानले जाणारे ‘सूपशास्त्र’ 1875 चे. 1930 मध्ये निघालेल्या ‘स्त्री’ मासिकातून विणकाम, भरतकाम आणि पाककृती एकाच अंकात घरी येत. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ 1970 मध्ये आले आणि त्यातल्या वाटी-चमच्याच्या मापाने नवशिक्या गृहिणीची धास्ती गेली. वजनकाटा नसलेल्या घरात भाजण्याचे पदार्थ हमखास बिघडत, त्यामुळे या मापांचे महत्त्व चकलीपेक्षा केकला जास्त. बेकिंग पावडर आणि कस्टर्ड पावडर विकणारी वेकफील्ड कंपनी 1956 मध्ये पुण्यातच सुरू झाली.

2000 च्या आसपास हडपसरचे रूपच पालटले. सुमारे 120 शेतकरी कुटुंबांच्या चारशे एकरांवर मगरपट्टा सिटी उभी राहिली, जिथे ऊस होता तिथे संगणक कंपन्या आल्या, आणि नव्या सदनिकांच्या ओट्यावर वरखाली कॉइल असलेला छोटा ओव्हन बसला. वरची आच आता बटणावर आली. त्यातून घरी केक करून विकणाऱ्या बायकांचा नवा धंदा निघाला. 2011 च्या अन्नसुरक्षा नियमांनी वर्षाला 12 लाखांपर्यंत उलाढाल असलेल्यांना साध्या नोंदणीवर असे काम करू दिले. यातले बहुतेक केक अंड्याशिवायचे असतात. 1890 चा प्रश्न वेगळ्या वेषात अजून विचारला जातो, इतकेच.

विटांच्या भट्ट्या कमी होत चालल्या आहेत. बऱ्याच बेकऱ्यांनी फिरत्या ट्रॉलीचे डिझेलवरचे किंवा विजेवरचे ओव्हन घेतले. त्यात कोपरा आणि तोंड असा भेद नसतो, सगळे ट्रे एका रंगाचे निघतात. दिवाळीच्या आठवड्यात मैदा-साखर घेऊन येणारी गिऱ्हाइके तिथेही असतात. कारागीर त्यांना डबा परत देताना झाकण लावू देत नाही. गरम नानकटाई झाकली की डब्यात घाम धरते आणि सकाळपर्यंत मऊ पडते. म्हणून डबा उघडाच, वर वर्तमानपत्राचा कागद टाकून, घरी न्यायचा असतो.