हयात किती? रक्ताच्या कर्करोगाची मुंबईतली मोजणी

लेडी मेहेरबाई टाटा 1931 साली ल्युकेमियाने, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पुढच्याच वर्षी या रोगाच्या संशोधनासाठी त्यांच्या नावे न्यास निघाला आणि 1941 मध्ये परळला टाटा रुग्णालय सुरू झाले. या रोगाच्या तीव्र प्रकारात तेव्हा आयुष्याचा हिशेब आठवड्यांचा नि महिन्यांचा असे.

1963 साली अमेरिकेत सिक्स-मर्कॅप्टोप्युरीन या औषधाची चाचणी प्रसिद्ध झाली. 42 रुग्णांपैकी निम्म्यांना औषध दिले, निम्म्यांना औषधाविना गोळी. दुसऱ्या गटातल्या 21ही जणांचा रोग उलटला, औषधाच्या गटात 9 जणांचा. उरलेले 12 जण शेवटच्या नोंदीपर्यंत ठीक होते. त्यांचा काळ किती धरायचा? कॅप्लन आणि मायर यांनी 1958 मध्येच उत्तर दिले होते : माहीत आहे तेवढा काळ मोजा, पुढे त्यांना भाजकातून वगळा.

या रीतीत एक गृहीतक दडलेले आहे. नजरेआड झालेला रुग्ण नजरेसमोरच्या रुग्णासारखाच जगत असेल, असे ती मानते. पण पैसे संपले म्हणून औषध सोडून गावी गेलेला माणूसही कागदावर नजरेआडच. त्याला वगळले की जगणाऱ्यांचे प्रमाण फसवे वाढते.

त्याच 1963 साली इंडियन कॅन्सर सोसायटीने डॉ. जस्सावाला यांच्या पुढाकाराने मुंबईत देशातली पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू केली. बोरिवली आणि मुलुंड 1957 मध्ये बृहन्मुंबईत आले होते, म्हणून तिथला रहिवासी या नोंदणीत येतो. उपचारापुरता परळला आलेला रत्नागिरीकर येत नाही. पुढे कोण हयात आहे हे कळायला मृत्युनोंदी पुरत नाहीत. पत्र, फोन आणि अखेर घरभेट, असा माग काढावा लागतो. गिरणगावातली चाळ सोडून उपनगरात गेलेल्या कुटुंबाचा नवा पत्ता मिळाला नाही, तर आकडा तेवढा कच्चा राहतो.

नव्या औषधांनी हे काम लांबवले. दीर्घकालीन मायलॉइड ल्युकेमियावरचे इमॅटिनिब 2001 मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. आंतरराष्ट्रीय चाचणीत 10 वर्षांनंतर सुमारे 83 टक्के रुग्ण हयात असल्याचे 2017 मध्ये छापून आले. आपल्याकडे तो आकडा खरा व्हायचा तर गोळी वर्षानुवर्षे परवडायला हवी. सर्वोच्च न्यायालयाने 1 एप्रिल 2013 रोजी नोव्हार्टिसची पेटंटची मागणी फेटाळली आणि स्वस्त देशी गोळीची वाट मोकळी राहिली.

आता पवईची आयआयटी आणि टाटा यांची कार-टी उपचारपद्धती आली आहे. तीत रुग्णाच्याच टी पेशी बदलून रोगावर सोडतात. पहिला रुग्ण 2021 चा, मंजुरी ऑक्टोबर 2023 ची. म्हणजे तिचा 10 वर्षांचा प्रत्यक्ष आकडा 2031 पूर्वी मिळणारच नाही. तोवर संख्याशास्त्रज्ञ आलेख पुढे ओढून अंदाज करतात. काही रुग्ण कायमचे बरे झाले असे मानले तर रेषा सपाट होते, नाही मानले तर उतरत राहते. पहिल्या दोन-तीन वर्षांच्या नोंदींना दोन्ही रेषा सारख्याच जुळू शकतात, आणि महागड्या उपचाराला किती पैसा द्यायचा हे त्यांतली कोणती धरली यावर ठरते. खरी कोणती, हे घाटकोपर-अंधेरीच्या रुग्णांना दहा वर्षांनी पुन्हा गाठल्यावरच कळेल.