मोटारीच्या दाराचा खटका

मोटारीचा इतिहास सांगावयाचा म्हटलें म्हणजे बहुतेक लेखक एंजिनापासून आरंभ करतात, वेगाचे आंकडे देतात, आणि फार झालें तर ब्रेकांपाशीं येऊन थांबतात. दाराच्या खटक्याकडे कोणी वळत नाहीं. परंतु आंत बसलेल्या माणसाचे प्राण या क्षुल्लक वस्तूवर किती अवलंबून आहेत, हें जगास नीट कळावयास विसावें शतक अर्धें उलटावें लागलें. हा इतिहास मी आज एकाच घराण्याच्या गाड्यांवरून सांगणार आहे. इंग्लंडांत ऑक्सफर्डजवळ ॲबिंग्डन म्हणून लहानसें गांव आहे. तेथें १९२९ पासून १९८० पर्यंत एम्. जी. नांवाच्या वेगवान स्पोर्ट्‌स मोटारी तयार होत असत. त्यांतल्या जुन्या गाड्या हौशी लोक आजहि जिवापाड जपतात, आणि त्यांच्या दारांशीं झगडतात.

दुसरें महायुद्ध संपतांच १९४५ सालीं निघालेली टी. सी. ही गाडी त्यांत विशेष नांवाजली. १९४९ पर्यंत तशा सुमारें १०,००० गाड्या झाल्या. तिचें अंग म्हणजे ॲश जातीच्या लाकडाचा सांगाडा आणि त्यावर चढविलेला पोलादी पत्रा. निम्मी कारागिरी लोहाराची, निम्मी सुताराची. दाराच्या बिजागऱ्या मागच्या अंगास व खटका पुढच्या अंगास. आतां असें पाहा, गाडी भरधाव चालली आहे आणि खटका निसटला. समोरचा वारा फटींत शिरतो व दार सताड मागें फेंकतो. अशा दारांना इंग्रजींत ‘आत्मघातकी’ हें विशेषण लागलें तें उगीच नव्हे.

हा खटका निसटतो कां? लाकडाचे सांधे वर्षानुवर्षें हादरून ढिले होतात, बिजागरीचे स्क्रू आपल्या भोंकांत खेळूं लागतात, दार स्वतःच्याच वजनानें किंचित् लोंबतें, आणि खटक्याची जीभ समोरच्या कोयंड्यांत पूर्ण शिरत नाहीं. अर्धवट दक्ष कारागीर अशा वेळीं कोयंडा कानशीनें घांसतो किंवा खालीं सरकवितो. दार लागतें, मालक खूष होतो, आणि महिनाभरानें पुन्हां तेंच. आपल्याकडे पावसाळ्यांत शाळेच्या वर्गांचीं दारें फुगत, तेव्हां शिपाई कडीवरच हातोडी चालवी. दोष कडीचा नसे, लाकडाचा असे. शिक्षकाच्या नोकरींत हें मीं इतक्यांदा पाहिलें आहे कीं टी. सी. ची हकीकत वाचतांना मला मुळींच परकें वाटलें नाहीं.

१९५५ सालच्या एम्. जी. ए. ह्या उघड्या गाडीनें तर कमालच केली. तिच्या दाराला बाहेरून मूठ नाहीं, कुलूप नाहीं! हात आंत घालून दाराच्या खिशांतली दोरी ओढावयाची कीं दार उघडलें. छप्पर कापडी असतां किल्लीचा थाट हवा कशाला, असा हिशेब असावा. आणि तो अगदींच चुकीचा नव्हे. मात्र दोरी आंतल्या आंत तुटली म्हणजे मालकाची जी तारांबळ उडते ती पाहण्यासारखी. १९६२ सालीं आलेल्या एम्. जी. बी. ला वर-खालीं होणाऱ्या कांचा मिळाल्या, व त्यांच्याबरोबर मूठ व किल्लीचें कुलूपहि आलें. आरंभीं ही मूठ ओढावयाची होती. १९६५ पासून बटन दाबावयाची झाली.

या गाड्यांचें मोठें गिऱ्हाईक अमेरिका. म्हणून खटक्याच्या इतिहासाचें पुढचें पान तेथेंच उघडतें. ह्यू डीहेवन नांवाचा एक गृहस्थ १९१७ सालीं वैमानिकाचें शिक्षण घेतांना विमानाच्या अपघातांतून वांचला होता. आपण कां वांचलों, या प्रश्नानें त्याची पाठ सोडली नाहीं. कॉर्नेल विद्यापीठांत त्यानें सुरू केलेल्या अभ्यासांतून १९५० नंतरच्या दशकांत एक गोष्ट निर्विवाद ठरली: टक्कर होतांच दारें उघडतात, माणसें बाहेर फेंकलीं जातात, आणि आंत राहिलेल्यांपेक्षां फेंकल्या गेलेल्यांस मरणाचें भय कितीतरी अधिक असतें. जुना खटका दाराला बाहेर ढकलणारा जोर सोसत असे. पण टकरींत गाडीचें अंग वांकून लांबीच्या दिशेनें ताणलें गेलें कीं जीभ कोयंड्यांतून बाजूनें सरकून सुटे. तेव्हां लांबीच्या दिशेनेंहि अडकून राहील असे खटके १९५६ च्या सुमारास अमेरिकन गाड्यांत आले. पुढें १ जानेवारी १९६८ पासून तेथें कायदाच झाला. पूर्ण बसलेल्या खटक्यानें लांबीच्या दिशेनें २,५०० पौंड, म्हणजे ११०० किलोंहून अधिक, आणि आडव्या दिशेनें २,००० पौंड जोर सोसला पाहिजे. विशेष हें कीं, बिजागऱ्यांनाहि तेवढाच जोर लागू केला. कायदा करणाऱ्यांची ही समज मला खटक्याच्या सुधारणेहूनहि मोलाची वाटते.

एम्. जी. बी. दुरुस्त करणाऱ्यानें हेंच ध्यानांत धरावें. तिच्यांत लाकडी सांगाडा नाहीं. सारें पोलादी अंग एकजीव, आणि दाराखालचा पोकळ उंबरठा हाच तिचा कणा. तो गंजला कीं गाडी मधोमध खचते व दाराची फट वरच्या बाजूस मिटते. तेव्हां प्रथम दार थोडें उघडून त्याची मोकळी कड हातानें वर उचलून पाहावी. खडखड झाली तर बिजागरीची खीळ झिजली आहे. खडखड नसून फट वांकडी असेल तर उंबरठा तपासावा. हीं दोन्ही ठीक असल्यावरच खटका बाहेर काढावा. बहुधा तो मोडलेला नसतोच. वाळून गोंदासारख्या झालेल्या ग्रीसनें जखडलेला असतो. रॉकेलनें धुऊन पातळ तेलाचे दोन थेंब पुरतात. किल्लीच्या भोंकांत मात्र तेल घालूं नये, धूळ चिकटते. शिसपेन्सिलींतल्या ग्रॅफाइटची भुकटी बरी.

खटका परत बसविल्यावर दार लगेच लोटूं नये. तें उघडें असतांनाच स्क्रू-ड्रायव्हरच्या दांड्यानें खटका दाबून बंद करावा, आणि बाहेरच्या बटनानें व आंतल्या मुठीनें तो सुटतो कीं नाहीं हें दोन-चारदां पाहावें. एखादी सळई जोडावयाची राहिली असली तर ती याच वेळीं कळते. दार लागल्यावर कळली तर खटक्यापर्यंत हात पोंचविणें महाकठीण.