पॅकिंग ते सिलिकॉन

मोटारीच्या इंजिनाचे दोन भाग जोडताना फटीतून तेल झिरपू नये म्हणून पूर्वी मेकॅनिक कागदाचे किंवा बुचाचे पॅकिंग बसवत आणि त्यावर लाखेचा लेप देत. वापरात बूच वाळे, चिरे आणि टॅपेट कव्हरखालून तेल गळू लागे.

या गळतीवर पुढे सिलिकॉनचा उपाय निघाला. 1940 मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या यूजीन रॉचो यांनी सिलिकॉन (silicone) या पदार्थासाठी लागणारा कच्चा माल थेट सिलिकॉन (silicon) या मूलद्रव्यापासून बनवण्याची पद्धत शोधली. 1943 मध्ये सिलिकॉन बनवणारी डाऊ कॉर्निंग कंपनी स्थापन झाली. तिचे पहिले उत्पादनही इंजिनासाठीच होते; विमानांच्या इग्निशनमध्ये भरायचा लेप! पुढे पॅकिंगच्या जागी लावता येणारे, हवेतील ओलाव्याने घट्ट होणारे, ट्यूबमधले सिलिकॉन आले. त्याच्या जुन्या प्रकाराला व्हिनेगरचा उग्र वास येई, कारण सुकताना त्यातून असेटिक आम्ल सुटे. त्यामुळे धातू गंजे.

1976 मध्ये व्होल्वोच्या गाड्यांत इंजिनाच्या धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर आला आणि नवी अडचण उभी राहिली. सिलिकॉनची वाफ सेन्सर निकामी करी. म्हणून कमी वाफेचे, सेन्सरला न बाधणारे प्रकार निघाले.

जास्त लेप मात्र घातकच. आत सुटलेला तुकडा ऑइल चेंबरमधली जाळी तुंबवतो. हेड गॅस्केटच्या, म्हणजे सिलिंडर हेडखालच्या पॅकिंगच्या, जागी सिलिकॉन आजही चालत नाही.