पाच वॅटचे यंत्र आणि ते जोडणारे हात

१/
कॅलिफोर्नियातील फुलर्टन या गावी १९५०च्या दशकात तयार झालेला फेंडर कंपनीचा जुना गिटार-ॲम्प्लिफायर उघडला, तर आत कधीकधी चिकटपट्टीचा एक पिवळटलेला तुकडा सापडतो. त्यावर एका स्त्रीचे केवळ पहिले नाव असते. आडनाव नाही, तारीख नाही. यंत्राच्या तारा तिने जोडल्या, एवढीच त्या पट्टीची साक्ष.

या कंपनीचे सर्वांत लहान यंत्र म्हणजे ‘चॅम्प’. त्याची शक्ती जेमतेम ५ वॅट. ते बनले गिटार शिकू लागलेल्या मुलांसाठी. आज ॲम्प्लिफायर बांधायला शिकणारे त्याच्यापासून सुरुवात करतात. एकच यंत्र दोनदा नवशिक्यांचे कसे झाले, त्याचा हा इतिहास. 🧵

२/
आरंभी प्रश्न साधा होता: गिटार ऐकू येत नसे. १९२०च्या दशकातील अमेरिकन नृत्यवृंदांत पितळी वाद्ये आणि ढोल यांच्या गजरात गिटारचा आवाज बुडून जाई. त्याच काळात अमेरिकेला मांडीवर आडव्या ठेवून वाजवायच्या हवाईयन गिटारचे वेड लागले होते. या वाद्याला मुख्य सूर वाजवायचा होता. पण लाकडी पेटीच्या ताकदीला मर्यादा होती.

३/
उत्तर वाद्यनिर्मितीत नव्हे, तर निर्वात नलिकेत होते. तिला आपल्याकडे ‘व्हॉल्व्ह’ म्हणत आले. जॉन ॲम्ब्रोज फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये दोन अग्रांची नलिका सिद्ध केली. १९०६ मध्ये ली डी फॉरेस्ट यांनी तिच्यात तिसरा घटक घातला: तारेची जाळी.

तापलेल्या ऋणाग्रातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि धनाग्राकडे धावतात. वाटेतली जाळी कालव्याच्या दारासारखी असते. दार हलवायला थोडे बळ पुरते, पण त्यामुळे मोठा प्रवाह कमीजास्त होतो. विवर्धनाचे सारे रहस्य एवढेच.

४/
या शोधाचे मोल प्रथम ओळखले ते टेलिफोन व्यवसायाने. लांबच्या तारेत क्षीण होत जाणारा आवाज वाटेत पुन्हा सबळ करणे आता शक्य झाले. एटी अँड टी कंपनीने डी फॉरेस्ट यांच्याकडून हक्क विकत घेतले आणि जानेवारी १९१५ मध्ये न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को संभाषण सुरू झाले.

हे पेटंट-साम्राज्य इतके विस्तृत होते, की पुढे फेंडरच्या ॲम्प्लिफायरच्या आत चिकटवलेल्या कागदावरही एटी अँड टी आणि वेस्टर्न इलेक्ट्रिक यांच्या परवान्याचा उल्लेख छापावा लागे.

५/
१९३०च्या दशकात रेडिओ घरोघरी पोहोचला आणि व्हॉल्व्ह स्वस्त झाले. याच सुमारास जॉर्ज बोशाँ आणि ॲडॉल्फ रिकेनबॅकर यांनी चुंबक व तारेच्या वेटोळ्यावर चालणारी ‘फ्राइंग पॅन’ ही विद्युत गिटार १९३२ मध्ये बाजारात आणली. तार कंप पावली की वेटोळ्यात अत्यल्प विद्युतदाब निर्माण होई.

तो वाढवायचा कसा, याचे उत्तर रेडिओत तयारच होते. रेडिओचा लहरी पकडणारा भाग वगळला, तर उरतो तो ॲम्प्लिफायर.

६/
म्हणूनच या कथेचा मुख्य पुरुष वाद्यकार नव्हे, रेडिओ दुरुस्त करणारा आहे. लिओ फेंडर शिक्षणाने हिशेबनीस. मंदीच्या काळात नोकरी गेल्यावर त्यांनी १९३८ मध्ये ६०० डॉलर कर्ज काढून फुलर्टनमध्ये रेडिओ दुरुस्तीचे दुकान थाटले. त्यांना गिटार वाजवता येत नसे.

मात्र वादकांची बिघडलेली यंत्रे त्यांच्या टेबलावर येत. यंत्र कुठे मोडते, कोणता भाग उगाचच महाग आहे, दुरुस्त करणाऱ्याचा हात कुठे पोहोचत नाही, हे सारे ते तिथेच शिकले.

७/
१९४६ मध्ये त्यांची स्वतंत्र कंपनी उभी राहिली. १९४८ मध्ये ‘चॅम्पियन ८००’ आणि पाठोपाठ ‘चॅम्पियन ६००’ हे विद्यार्थ्यांसाठीचे लहान ॲम्प्लिफायर आले. मांडीवरच्या गिटारसोबत त्यांचा संच मिळे. पुढे नाव आखडून ‘चॅम्प’ झाले.

त्याच्या आराखड्यांपैकी आज सर्वाधिक प्रसिद्ध आहे ‘५एफ१’. ५ म्हणजे पन्नासचे दशक, एफ म्हणजे सुधारित आवृत्तीचे अक्षर, १ म्हणजे चॅम्प. एवढ्या रुक्ष सांकेतिक नावाभोवती पुढे केवढी भक्ती जमणार होती, याची तेव्हा कोणाला कल्पना असणार!

८/
५एफ१ मध्ये व्हॉल्व्ह अवघे तीन.

पहिला १२एएक्स७. एकाच काचेत दोन विवर्धक. गिटारकडून आलेला दुबळा संकेत पहिला अर्धा भाग वाढवतो, मग तो आवाजाच्या बटणातून जातो आणि दुसरा अर्धा भाग त्याला पुन्हा वाढवतो.

दुसरा ६व्ही६. हा स्पीकर हलवण्याइतकी शक्ती देतो.

तिसरा ५वाय३. हा भिंतीतल्या उलटसुलट वाहणाऱ्या विजेला एकाच दिशेने वाहायला लावतो.

बटण एकच, आवाजाचे. रेझिस्टर आणि कपॅसिटर मिळून दोन डझनांहून कमी.

९/
६व्ही६ आणि स्पीकर यांच्यामध्ये एक ट्रान्सफॉर्मर असतो. व्हॉल्व्हची वीज उच्च दाबाची, पण अल्प प्रवाहाची. स्पीकरला नेमके उलट हवे. ट्रान्सफॉर्मर या दोघांतला दुभाषा.

मोठ्या ॲम्प्लिफायरमध्ये शक्तीचे व्हॉल्व्ह जोडीने काम करतात. एक ओढतो तेव्हा दुसरा ढकलतो. चॅम्पमध्ये एकटा ६व्ही६ संपूर्ण लहर पेलतो. ही रचना अकार्यक्षम आहे: वीज पुष्कळ खर्च होते, बहुतेक उष्णतेत जाते आणि हाती येतात ५ वॅट. पण तिच्यातून काढून टाकण्याजोगे काहीच उरलेले नसते.

१०/
महत्त्वाची गोष्ट अशी, की यातले जवळजवळ काहीही अपूर्व नव्हते. असेच टप्पे त्या काळातील सामान्य रेडिओत असत. आरसीए कंपनीच्या व्हॉल्व्ह-पुस्तिकेत नमुन्याची मंडले छापलेली असत आणि ती पुस्तिका कोणत्याही दुरुस्ती-दुकानात सापडे.

फेंडरचे कसब शोधात नसून निवडीत होते. तारा कुठून कुठे जातात हे दाखवणारे मांडणीचे चित्रही कंपनी काढत असे. दुरुस्त करणाऱ्याला यंत्र समजले पाहिजे, हे त्यात गृहीत होते.

११/
आणि जोडणी? ती हातानेच होई. जाड पुठ्ठ्यासारख्या पट्टीवर भाग बसवायचे, तारा कापायच्या, वळवायच्या, सोल्डर करायच्या. फुलर्टनच्या कारखान्यात हे काम मोठ्या प्रमाणावर स्त्रिया करीत. त्यांतील अनेक जणी मेक्सिकन वंशाच्या होत्या. चिकटपट्टीवरची नावे त्यांचीच.

संगीताच्या इतिहासात लिओ फेंडर यांच्यावर ग्रंथ आहेत, वादकांवर त्याहून अधिक. या स्त्रियांपैकी बहुतेकींच्या वाट्याला आली ती बोटभर पट्टी.

१२/
आता या यंत्राच्या ‘दोषा’कडे वळू. ॲम्प्लिफायरने लहर मोठी करावी, तिचा आकार बदलू नये, अशी अभियंत्याची अपेक्षा. पण ५ वॅटचे यंत्र लवकर थकते. आवाज वाढवला की लहरीची टोके दबतात आणि मूळ सुरात नसलेले उपस्वर मिसळतात. ५वाय३ मधून येणारा विजेचा दाबही जोरदार आघातासरशी किंचित ढळतो आणि सावरतो.

अभियांत्रिकीच्या भाषेत ही विकृती. कानाला मात्र ती घोगरी, गाती, माणसाच्या गळ्याजवळची वाटली.

१३/
ही आवड एका दिवसात जन्मली नाही. मार्च १९५१ मध्ये मेम्फिस येथे सॅम फिलिप्स यांच्या स्टुडिओत ‘रॉकेट ८८’ ध्वनिमुद्रित झाले. प्रवासात ॲम्प्लिफायरचा स्पीकर बिघडला होता आणि त्यात कागद कोंबून काम भागवले, असे सांगितले जाते. तो खरखरीत आवाज तसाच ठेवला गेला.

१९६४ मध्ये ‘द किंक्स’च्या १७ वर्षांच्या डेव्ह डेव्हिस यांनी आपल्या लहानशा, स्वस्त एल्पिको ॲम्प्लिफायरचा स्पीकर चक्क ब्लेडने चिरला. अपघाताची जागा आता हेतूने घेतली.

१४/
१९७० मध्ये मायामीच्या क्रायटेरिया स्टुडिओत ‘लैला’चा संग्रह ध्वनिमुद्रित होत असताना एरिक क्लॅप्टन यांनी लहानगा चॅम्प वापरला. प्रचंड भासणारा तो आवाज विद्यार्थ्याच्या पेटीतून आला होता.

यामागे श्रवणाचे गणित आहे. ५० वॅट हे ५ वॅटच्या दहापट. पण कानाला आवाज दहापट वाटत नाही, साधारण दुप्पटच वाटतो. मायक्रोफोन जवळ ठेवला, तर तोही फरक पुसला जातो. उरतो केवळ पोत.

१५/
ज्ञान पसरले ते नकलेतून. लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल यांचे ढोलांचे दुकान होते. अमेरिकन ॲम्प्लिफायर महाग पडत, म्हणून मार्शल, केन ब्रॅन आणि तरुण डडली क्रेवन यांनी १९६२ मध्ये चॅम्पच्या थोरल्या भावंडाचे, फेंडर बेसमनचे, मंडल समोर ठेवून आपले यंत्र बांधले. ब्रिटनमध्ये मिळणारे भाग वापरल्याने त्याचा स्वर वेगळा निघाला.

नक्कल करताना हाताशी जे होते त्याने मूळ बदलले, आणि रॉक संगीताला दुसरा आवाज मिळाला.

१६/
घरी बांधण्याची परंपराही तितकीच जुनी. दुसऱ्या महायुद्धानंतर स्वस्तात उपलब्ध झालेले लष्करी सुटे भाग घेऊन अमेरिकेतील हीथ कंपनीने १९४७ मध्ये ऑसिलोस्कोपचा जोडसंच विकायला काढला. पुढे रेडिओ, ॲम्प्लिफायर अशी मोठी मालिका झाली.

हीथकिटच्या पुस्तिकेचे वैशिष्ट्य तिच्या पायऱ्यांत होते. एक तार जोडा, सोल्डर करा, समोरच्या चौकटीत खूण करा, मग पुढची. सिद्धांत न शिकलेला माणूसही अखेरीस चालते यंत्र घेऊन उठे.

१७/
मग ट्रान्झिस्टर आला. डिसेंबर १९४७ मध्ये बेल प्रयोगशाळेत जन्मलेल्या या चिमुकल्या घटकाने पुढील दोन-अडीच दशकांत व्हॉल्व्ह हद्दपार केले. भारतात बंगळूरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६०च्या दशकात रेडिओसाठी व्हॉल्व्ह बनवले होते, तेही थांबले. रेडिओ ‘तापायची’ वाट पाहणारी पिढी मराठी घरांतही होती. ती सवय आठवणीत गेली.

कारखाने एकामागून एक बंद पडले. व्हॉल्व्हला सोडायला जवळजवळ कोणीच तयार नव्हते, ते गिटारवादक.

१८/
त्यामुळेच ५एफ१ दुसऱ्यांदा नवशिक्यांचे झाले. आज ते बांधणारा क्रम पाळतो: आधी चित्र कागदावर समजून घेणे, मग ट्रान्सफॉर्मर आणि व्हॉल्व्हची बैठक सांगाड्यावर घट्ट करणे, मग व्हॉल्व्ह तापवणाऱ्या ६.३ व्होल्टच्या तारा पिळून कडेने नेणे, नाहीतर स्पीकरमधून गुणगुण येते. शेवटी पट्टीवरचे भाग.

भारतात बांधायचे तर ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचा हवा. अमेरिकन १२० व्होल्टचा थेट जोडला तर जळेल.

१९/
⚠️ येथे थांबून एक गोष्ट नीट वाचावी. या लहान पेटीत ३०० व्होल्टहून अधिक दाब असतो आणि तो जीव घेऊ शकतो. प्लग काढल्यावरही कपॅसिटर तो धरून ठेवतात. म्हणून ते योग्य रेझिस्टरमधून रिकामे करून मीटरने खात्री केल्याविना आत हात घालू नये.

जुन्या यंत्रांना अर्थिंग नसे. नव्या बांधणीत ते सांगाड्याला पक्के जोडलेच पाहिजे. पहिल्यांदा वीज देताना सिरीजमध्ये बल्ब लावावा: चूक असेल तर बल्ब प्रखर पेटतो आणि यंत्र वाचते. स्पीकर न जोडता ॲम्प्लिफायर चालवू नये. पहिले यंत्र जाणकाराच्या समक्षच सुरू करावे.

२०/
ही परंपरा किती नाजूक आहे, हे २०२२ मध्ये दिसले. गिटारचे व्हॉल्व्ह आज मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन येथील मोजक्या कारखान्यांत बनतात. युक्रेनवरील आक्रमणानंतर रशियाने मार्चमध्ये अनेक वस्तूंची निर्यात रोखली, त्यांत व्हॉल्व्हही सापडले. काही काळ जगभर टंचाई झाली.

आराखडा सर्वांच्या हाती असला, तरी काचेतला निर्वात घरी निर्माण करता येत नाही.

२१/
तरीही ५एफ१ टिकले, कारण ते समजते. त्यातला प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो, बोटाने दाखवता येतो, बिघडला तर बदलता येतो. आजची बहुतेक उपकरणे मालकाला आत डोकावू देत नाहीत. १९५०च्या दशकातील एका स्वस्त पेटीने ते गृहीतच धरले होते.

आणि आज कोणी नवशिका पहिली तार वळवून सोल्डर करतो, तेव्हा तो लिओ फेंडर यांचे काम करीत नसतो, क्लॅप्टन यांचे तर नाहीच. फुलर्टनच्या टेबलावर बसलेल्या त्या स्त्रियांचे काम तो करीत असतो. यंत्र पुरे झाल्यावर अनेक जण आत आपल्या नावाची चिकटपट्टी लावतात. ती लावताना ज्यांच्यापासून ही रीत आली, त्यांची आठवण असावी.

(समाप्त)