१८० बाय ५० मिलिमीटर: कमी पैशांत गाडीचा साऊंड बदलता येऊ लागला त्याची गोष्ट

(या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याच्या ओघातली वाक्यं बरीचशी तशीच ठेवली आहेत.)

मला हमखास विचारला जाणारा एक प्रश्न म्हणजे, "सेकंडहँड गाडी घेतलीये, साऊंड अगदीच पत्र्याचा डबा आहे, दहा-बारा हजारांत काय होईल?" उत्तर आहे, बरंच काही होईल. पण आज मला त्याच्या आधीचा प्रश्न घ्यायचाय. दहा-बारा हजारांत काही होऊ शकतं, हेच मुळात कसं शक्य झालं? कारण सुरुवातीला हा शौक फक्त श्रीमंतांचा होता.

चला, थेट १९३० साली जाऊ. शिकागोमधली गॅल्विन मॅन्युफॅक्चरिंग ही छोटी कंपनी. मालक पॉल गॅल्विन. त्यांनी गाडीत बसेल असा रेडिओ बाजारात आणला आणि त्याला नाव दिलं मोटोरोला. हो, तीच मोटोरोला, तुमच्यापैकी काहींच्या खिशात असेल. किंमत होती शंभर डॉलरच्या वर. आणि फोर्डची मॉडेल ए ही अख्खी गाडी तेव्हा साधारण ५०० डॉलरच्या आसपास मिळायची. म्हणजे गाडीच्या पाचव्या हिश्श्याएवढे पैसे नुसत्या रेडिओला! जर्मनीत १९३२ साली ब्लाऊपुंक्टचा गाडीतला रेडिओ आला, त्याचं वजन तर साधारण १५ किलो होतं.

बरं, विकत घेतला म्हणजे झालं असंही नाही. त्या रेडिओत व्हॉल्व्ह असायचे, आणि व्हॉल्व्हला शंभरच्या वर व्होल्ट लागायचे. गाडीची बॅटरी मात्र सहा व्होल्टची. मग वेगळ्या बॅटऱ्यांचा जुडगा फळीखाली बसवा, डॅशबोर्ड कापा, एरियलची तार फिरवा. वर स्पार्क प्लगच्या प्रत्येक ठिणगीचा कडकड आवाज स्पीकरमधून यायचा, तो वेगळा बंद करा. प्रत्येक गाडी म्हणजे नवीन प्रोजेक्ट. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक क्लायंटसाठी कोड पहिल्यापासून लिहायचा. अशी गोष्ट स्वस्त होईल कशी?

पहिला मोठा फरक पडला पन्नाशीच्या दशकात. अमेरिकन गाड्या सहावरून बारा व्होल्टवर आल्या आणि १९५५ साली क्रायस्लर आणि फिल्को यांनी पूर्ण ट्रान्झिस्टरवर चालणारा गाडीचा रेडिओ जाहीर केला. ट्रान्झिस्टरला शेकड्यांनी व्होल्ट लागतच नाहीत. बारा व्होल्टची वायर जोडा, झालं. आज आपण कुठल्याही गाडीत कुठलाही प्लेअर जोडू शकतो, त्याची पहिली वीट ही.

गंमत म्हणजे त्याच क्रायस्लरने लगेच एक गोष्ट अशी केली की जी पूर्ण फसली. १९५६ च्या मॉडेल्समध्ये त्यांनी चक्क डॅशबोर्डखाली रेकॉर्ड प्लेअर दिला. नाव हायवे हाय-फाय. खड्ड्यात सुई उडू नये म्हणून केलेलं इंजिनिअरिंग भारी होतं. पण रेकॉर्ड होत्या खास, मिनिटाला १६ पूर्णांक दोन तृतीयांश फेऱ्यांच्या आणि एकाच कंपनीकडून मिळणाऱ्या. घरातली रेकॉर्ड गाडीत चालायची नाही, गाडीतली घरात नाही. थोड्याच वर्षांत प्रकरण बंद.

आता याच्या शेजारी कॅसेट ठेवून बघा. १९६३ साली फिलिप्सने कॉम्पॅक्ट कॅसेट दाखवली. तिचा आवाज त्या वेळच्या रेकॉर्डपेक्षा कमीच होता. पण फिलिप्सने परवाना फुकट देऊन टाकला. अट एकच, मापं जशीच्या तशी पाळायची. मग काय, जपानपासून सगळ्यांनी कॅसेट आणि डेक बनवायला सुरुवात केली. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात टी-सिरीजसारख्या कंपन्यांच्या स्वस्त कॅसेट गल्लोगल्ली पोचल्या, त्या याच उघड्या दारातून. चांगल्या आवाजाचं बंद तंत्र मेलं आणि बऱ्या आवाजाचं उघडं तंत्र घराघरात गेलं. आजच्या गोष्टीचा गाभा हाच आहे.

आणि आता या गोष्टीचा माझा आवडता हिरो. एक भोक. जर्मनीच्या डीआयएन या मानक संस्थेने ठरवलं की गाडीच्या डॅशबोर्डमध्ये रेडिओची जागा १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच असेल. १९८४ साली ते आंतरराष्ट्रीय मानक झालं. दुकानात "सिंगल डिन" म्हणतात ते हेच. उंची दुप्पट केली की "डबल डिन". पुढे मागच्या वायरींच्या कनेक्टरचंही मानक आलं: कुठल्या पिनवर कायमचे बारा व्होल्ट, कुठल्या पिनवर चावी फिरवल्यावरचे, स्पीकरच्या वायरी कुठे. दिवसभर एपीआय लिहिणाऱ्या माणसाला हे बघून भरून येतं. हा अगदी स्वच्छ इंटरफेस आहे. आत काय आहे याच्याशी गाडीला देणंघेणं नाही, आणि गाडी कुठली आहे याच्याशी प्लेअरला नाही.

आपल्याकडे वेळही अचूक जुळली. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली. साध्या मॉडेलमध्ये टेप नसायचा, तो बाहेरून बसवायचा. त्या एका मोकळ्या जागेवर किती दुकानं उभी राहिली बघा! लॅमिंग्टन रोड असो की पुण्यातली तपकीर गल्ली, एलए ४४४० किंवा टीडीए २००३ ही बोटाएवढी आयसी घेऊन, चार कपॅसिटर लावून लोकांनी घरी अॅम्प्लिफायर बनवले. जिथे कंपनीचा कनेक्टर वेगळा असायचा, तिथे दुकानदाराने शे-दोनशेचा कपलर काढून दिला. वायर कापायची गरज नाही. अंथरूण पाहून पाय पसरा म्हणतात ना, इथे मानकाने अंथरूणच थोडं लांब करून दिलं.

तिसरी मदत आली ऑस्ट्रेलियातून, आणि ती कागदावर होती. स्पीकरचा बॉक्स किती लिटरचा हवा हे पूर्वी बरंचसं अंदाजाने चालायचं. १९६१ साली नेव्हिल थील यांनी त्याचं गणित मांडलं आणि सत्तरच्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी ते पुढे नेलं. आज सबवूफरच्या माहितीपत्रकावर जे आकडे असतात ते थील-स्मॉल पॅरामीटर. ते फुकट सॉफ्टवेअरमध्ये टाका, माप काढा, सुताराकडून प्लायचा बॉक्स करून घ्या. बॉक्सचं गणित आता फुकट आहे.

आता या इतिहासाचा खिशाशी संबंध. खोक्यावर "५० वॅट गुणिले ४" छापलेलं असतं, त्याला भुलू नका. इंजिन चालू असताना गाडीत सुमारे १४.४ व्होल्ट असतात आणि स्पीकर असतो चार ओहमचा. साध्या जोडणीत यातून जेमतेम साडेसहा वॅट निघतात. ब्रिज जोडणी केली, म्हणजे स्पीकरची दोन्ही टोकं उलट दिशांनी ढकलली, तर चौपट, साधारण २६ वॅट. आणि ५० कुठून आले? आवाज पार फाटून लहरीचा चौकोन झाला की गणितात ५२ येतात. म्हणजे खोक्यावरचा आकडा फाटक्या आवाजाचा आहे. खरे मिळतात १८ ते २२. यापुढे जायचं तर व्होल्टेज वाढवणारा वेगळा अॅम्प लागतो, आणि तिथेच बजेट संपतं.

म्हणून पैसे कमी असतील तर क्रम असा ठेवा. आधी पुढच्या दोन दारांचे स्पीकर, तेही संवेदनशीलता बघून. ८८ ऐवजी ९१ डेसिबलचा स्पीकर घेतला तर तेवढ्याच आवाजाला निम्मी पॉवर पुरते. तीन डेसिबल म्हणजे अॅम्प फुकटात दुप्पट. मग दाराची भोकं बंद करा आणि डॅम्पिंग शीट लावा, कारण स्पीकरच्या मागून निघणारा बेस पुढच्या बेसला खाऊन टाकतो. प्लेअर बदलणं त्यानंतर. बेसट्यूब सगळ्यात शेवटी.

पण मंडळी, खरी काळजी वेगळीच आहे. नवीन गाड्यांत ते १८० बाय ५० चं भोक संपत चाललंय. त्या जागी मोठा स्क्रीन आलाय, आणि त्याच स्क्रीनमध्ये रिव्हर्स कॅमेरा, काही गाड्यांत एसी आणि गाडीच्या सेटिंगसुद्धा. तो काढला तर गाडीच अर्धी मुकी होते. थोडक्यात, आपण पुन्हा हायवे हाय-फायकडे निघालोय. जास्त साऊंड हवा? वरचं मॉडेल घ्या. पूर्वी पाच-सात हजारांत भागायचं, तिथे आता व्हेरियंट बदला म्हणतात.

पळवाट अजून आहे. स्क्रीन तसाच ठेवायचा आणि स्पीकरच्या वायरीवरूनच सिग्नल घेणारा, म्हणजे हाय-लेव्हल इनपुट असलेला छोटा अॅम्प किंवा डीएसपी जोडायचा. चालतं, पण हा मानकाचा हक्क नाही, जुगाड आहे. उद्या कंपनीने अॅम्प आणि स्पीकर डिजिटल वायरीने बांधले की तोही बंद.

म्हणून सेकंडहँड गाडी बघायला जाल तेव्हा टायर, इंजिन, कागदपत्रं बघाच, पण एकदा डॅशबोर्डकडेही बघा. तिथे ते साधं आयताकृती भोक असेल, तर आवाज हवा तसा करून घेण्याचं स्वातंत्र्य गाडीबरोबर फुकट मिळतंय.

तुमच्या गाडीत ते भोक आहे का, आणि त्यात तुम्ही काय बसवलंय, मला कळवा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत ऐकत राहा, पण सिग्नलला उभे असताना आवाज जरा कमी!