नेमबाजीतील कॅलिबर व काडतूसविषयक नियम

नेमबाजी स्पर्धांत शस्त्राच्या नळीचा अंतर्व्यास, म्हणजेच कॅलिबर, आणि काडतुसाचा प्रकार क्रीडाप्रकारानुसार ठरवून दिलेला असतो. आंतरराष्ट्रीय नेमबाजी क्रीडा महासंघाच्या नियमांनुसार १० मीटर एअर रायफल व एअर पिस्तूल प्रकारांत ४.५ मिलिमीटरचे छर्रे वापरतात. २५ मीटर पिस्तूल व ५० मीटर रायफल प्रकारांसाठी ५.६ मिलिमीटरचे काडतूस विहित आहे. ते ‘पॉइंट टू-टू’ या नावाने ओळखले जाते. सेंटर फायर पिस्तुलाचे कॅलिबर ७.६२ ते ९.६५ मिलिमीटर असावे लागते. पिस्तुलाची गोळी शिशाची वा तत्सम मऊ पदार्थाची असावी, असे बंधन आहे. मॅग्नम काडतुसांना मनाई आहे.

या प्रकारांत केवळ अचूकता मोजली जात असल्याने लहान गोळी पुरेशी ठरते. याउलट अमेरिकेतील बोलिंग पिन नेमबाजीत पिन मेजावरून खाली पाडावी लागते. म्हणून तेथे जड गोळी उपयुक्त ठरते. हलक्या काडतुसांच्या गटात पिना मेजाच्या मागील कडेजवळ मांडण्याची पद्धत आहे.

कोल्हापूर जिल्ह्यातील राही सरनोबत यांचे २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेतील २५ मीटर पिस्तूल सुवर्णपदक आणि स्वप्नील कुसाळे यांचे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधील ५० मीटर रायफल थ्री पोझिशन कांस्यपदक, ही दोन्ही ५.६ मिलिमीटर कॅलिबरच्या प्रकारांतील आहेत.